पंच नंबर दोन

वसुंधराबाईंनी दार उघडलं तेव्हा बाहेर खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. पन्नाशीचा. क्षणभर त्यांना पोलीसच वाटला. मग छातीवरचा रिक्षावाल्याचा बिल्ला दिसला.

"विघ्नेशच्या आई ना? मी फर्डिनंड. माणिकपूरच्या स्टँडवर असतो." तो अडखळला. "त्या ड्रग्जच्या केसमधला पंच नंबर दोन."

वसुंधराबाईंचा हात कडीवरच राहिला. चार वर्षं दर तारखेला कोर्टात हे नाव पुकारलेलं त्या ऐकत होत्या. कुणी पुढे यायचं नाही, आणि पुढची तारीख पडायची. पहिला पंच वारलेला. या दुसऱ्याच्या साक्षीशिवाय खटला हलत नव्हता, आणि विघ्नेश तुरुंगातच होता.

"आत या," त्या म्हणाल्या. खुर्ची दिली. पाणी विचारलं नाही.

"मला वाटलं, सुटला असेल एव्हाना," फर्डिनंड म्हणाला. "परवा वॉरंट घेऊन हवालदार आला. तो म्हणाला, पोरगा अजून आतच आहे. तेव्हापासून घास उतरत नाही, ताई."

"समन्स तर चारदा निघालं."

"पाचदा." त्याने मान खाली घातली. "घाबरलो. स्टँडवर रोज तेच पोलीस भेटतात. त्यांच्यासमोर कसं सांगणार?"

"काय सांगणार?"

"विघ्नेशकडून ड्रग्जची पिशवी काढताना मी पाहिलंच नाही. मला बोलावलं तेव्हा ती टेबलावर उघडी पडली होती. सही कर म्हणाले, केली. पिशवी कुणाची, देव जाणे. सोमवारी तारीख आहे, कोर्टात येतो आणि हेच सांगतो."

आत कुकरची शिट्टी झाली. वसुंधराबाई उठल्या, गॅस बंद करून परत येऊन बसल्या.

"सोमवारी येऊ नका."

फर्डिनंडला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"गुरुवारी हायकोर्टात जामिनाचा अर्ज आहे," त्या म्हणाल्या. "असल्या केसमध्ये जामीन सहसा होत नाही. वकीलबाई म्हणतात, आपल्या हातात एकच मुद्दा आहे. चार वर्षं झाली, एकसुद्धा साक्ष झालेली नाही. तुम्ही सोमवारी उभे राहिलात की सरकारी वकील म्हणतील, झाला की खटला सुरू, आता लवकर संपेल. आणि तुमच्यामागे अजून नऊ साक्षीदार आहेत." त्यांचा आवाज चढला. "इतकी वर्षं तुम्ही यावं म्हणून देवापुढे हात जोडले मी. आता आणखी एकदा आला नाहीत, तर पोरगा घरी येईल."

"या वेळी नाही गेलो तर मला उचलतील, ताई. हवालदाराने बजावलंय. एखादी रात्र आत काढावी लागेल."

"एक रात्र," वसुंधराबाई म्हणाल्या.

फर्डिनंडने त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं. नाही येत सोमवारी."

तो उठला. दाराशी चपला घालताना म्हणाला, "मुलीला तेवढं सांगून ठेवतो. दहावीला आहे, रोवेना. पप्पांना पोलिसांनी नेलं, हे तिला बाहेरून नको कळायला."

वसुंधराबाई जागच्या उठल्या नाहीत. विघ्नेशला नेल्याचं त्यांना खालच्या वाण्याकडून कळलं होतं. दूध घ्यायला गेल्या होत्या. दुकानात सात-आठ माणसं होती, आणि त्यांच्याआधी सगळ्यांना ठाऊक होतं.

फर्डिनंड अर्धा जिना उतरला होता. त्या कठड्याशी आल्या.

"अहो, थांबा."

त्याने वर पाहिलं.

"सोमवारी या. जे पाहिलं ते सांगा, जे नाही पाहिलं तेही सांगा. गुरुवारचं काय ते वकीलबाई बघतील."

"पण ताई, जामीन..."

"अकराच्या आत या," त्या म्हणाल्या. "दुसरा मजला, शेवटचं दार. बाकावर बसू नका, पंख्याच्या घरघरीत पुकारा ऐकू येत नाही. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून उभे राहा. तिथे मी असते. मी सरकेन जरा."