पडणारा ब्रेकर

"तो ब्रेकर पडायचा थांबला पाहिजे, मगदूम. नवी मोटार यायला आठ दिवस लागतील," मॅनेजर म्हणाले.

सूत रंगवायच्या कारखान्यातल्या पंपाच्या मोटारीत पाणी शिरलं होतं. करंट बाहेर झिरपू लागला, की ब्रेकर आपोआप वीज तोडायचा. तो बरोबरच करतोय, हे मगदूम वायरमनना ठाऊक होतं. तरी त्यांनी ब्रेकरवरचा स्क्रू फिरवून अर्थ फॉल्टचं, म्हणजे करंट झिरपताच वीज तोडणारं, संरक्षण बंद केलं. तिसऱ्या दिवशी फरशी धुताना तिथल्या कामगार जैतुनबीचा हात मोटारीला लागला. ती जागच्या जागी गेली.

चौकशीच्या आदल्या दिवशी मगदूम तिच्या नवऱ्याकडे गेले. "इस्माईलभाई, ब्रेकरचं संरक्षण मीच बंद केलं होतं. उद्या सगळं सांगणार आहे."

 इस्माईलभाई म्हणाले, "नका सांगू. पोरीला तिच्या आईच्या जागी घेतायत. तुम्ही बोललात, तर तेवढंही जाईल."

चौकशीत मगदूम काही बोलले नाहीत. परत आल्यावर संरक्षण मात्र त्यांनी पुन्हा सुरू केलं. नवी मोटार अजून आली नव्हती; मॅनेजरांनी तीच जुनी वाळवून बसवली होती. सोमवारी मुलगी कामावर आली. दुपारपर्यंत ब्रेकर चार वेळा पडला. पाचव्यांदा ती रडवेली होऊन मगदूमांकडे धावत आली.

"काका, पंप सारखा थांबतोय आणि साहेब माझ्यावर ओरडतायत. आज पहिलाच दिवस आहे माझा. ब्रेकरचं ते पडणं बंद करता येतं म्हणे. करा ना."