एकही नाही

लोणावळ्यातल्या एका नव्या खासगी इस्पितळाच्या दारातला फळा भुशीच्या जैनबनं कंपाउंडरकडून दोनदा वाचून घेतला होता: ‘यंदा बरे होऊन घरी गेले, दोनशे चाळीस. इस्पितळात दगावले, एकही नाही.’ तरी तिच्या मनात पाल चुकचुकलीच. आत तिच्या नसीरनं तीन दिवसांत डोळा उघडला नव्हता.

दाराशी बैलगाडी लावून बसलेल्या म्हाताऱ्या कोंडाजीला तिनं विचारलं, “आबा, हितं खरंच कुनी मरत न्हाई?”

“हितं न्हाई, पोरी,” म्हणत कोंडाजीनं नजर चुकवली.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “बाई, नवऱ्याला आत्ताच घरी न्या.”

कोंडाजी उठला आणि गाडीत पेंढा पसरू लागला.



कंपाउंडरनं फळ्यावरचे दोनशे चाळीस पुसून दोनशे एकेचाळीस लिहिले.