चार सेकंद

कॅमेरा घेण्यामागे एक्स-रेवाल्याचा हिशेब सरळ होता. हॉस्पिटलच्या तळघरात तो दिवसाला पन्नास-साठ माणसं काचेआडून टिपायचा. वीस वर्षांत त्यातलं कुणी हसलं नव्हतं, की कुणी जास्तीची प्रत मागितली नव्हती. शर्टाची बटणं लावता लावता जो तो एवढंच विचारायचा, "कसा आलाय?" त्याला दिसलेलं असायचं, पण सांगायचा अधिकार नव्हता. मग ठरलेलं उत्तर, "डॉक्टर सांगतील." हे वाक्य तो झोपेतही बडबडायला लागला, तेव्हा बायकोच म्हणाली, "अहो, जिवाला काहीतरी छंद लावून घ्या." आता निदान रविवारी तरी, फोटो काढून लगेच "झकास आलाय!" म्हणायची सोय झाली होती.

त्या रविवारी संध्याकाळी त्याने घरच्यांना खिडकीजवळ बसवलं. मधे खुर्चीत आई, मागे बायको आणि धाकटा भाऊ, खाली मुलगी. फ्लॅश त्याला वर्ज्य. फ्लॅशने माणसं पोलिसांनी पकडल्यासारखी दिसतात, असं त्याचं मत. उजेड कमी, म्हणून कॅमेरा स्टँडवर चढवला. बटण दाबल्यापासून चार सेकंद कुणी हलायचं नाही.

"हं, श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका..." खट्. "सोडा."

"बाबा, आम्ही काय पेशंट आहोत?" मुलगी म्हणाली.

"शर्ट काढू का रे, दादा?" भावाने विचारलं.

त्याने फोटो बघितला. चौघांत तिघं लख्ख. आई पुसट.

"आई, हललीस तू."

"मी? खांबासारखी बसलेय. तुझं यंत्रच हललं असेल."

"आई आणि चार सेकंद गप्प!" भाऊ म्हणाला. "दादा, तुझ्या अपेक्षा फार."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्याने फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. मांडीवरचे आईचे हात स्वच्छ आले होते, बोटांवरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतके. खुर्ची स्वच्छ, पावलं स्वच्छ. धुरकट होते ते फक्त खांदे आणि छाती. म्हातारी खरंच खांबासारखी बसली होती. असे फोटो त्याने तळघरात शेकड्याने पाहिले होते. ज्यांना श्वास धरवत नाही, त्यांचे.

चौथ्या वेळी त्याने कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. "धरून ठेवा" म्हणाला आणि आईकडे बघत मनात आकडे मोजू लागला. एक. दोन. दोनालाच तिचे ओठ उघडले, खांदे वर गेले. तो बघतोय हे तिच्या लक्षात आलं, तशी तिने घाईघाईने तोंड मिटून घेतलं. परीक्षेत शेजारच्या मुलीच्या पेपरात डोकावताना सापडलेल्या पोरीसारखं.

"सोडा," तो म्हणाला.

"झाला ना एकदाचा?" बायको म्हणाली. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

आई खुर्चीचा हात धरून उठली. जरा थांबली. मग म्हणाली, "कसा आलाय रे?"

'झकास' हा शब्द त्याच्या तोंडात तयार होता. त्या एका शब्दासाठी तर त्याने एवढा कॅमेरा घेतला होता.

"डॉक्टर सांगतील," तो म्हणाला.

विनोद चांगलाच जमला. मुलगी खाली लोळली, बायकोला मुंग्यांचा विसर पडला, भाऊ टाळी घ्यायला हात पुढे करून उभा राहिला. खोलीत माणसं पाच होती. हसली तिघं.

आईने नाकावरचा चष्मा सारखा केला.

"कधी जायचं?" तिने विचारलं.