साहेबाची मापं

पणजोबा पोटापाण्यासाठी काय करायचे, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गोऱ्यांच्या राज्यात त्यांनी बड्या साहेबाला भर कचेरीत हात वर करायला लावले आणि त्याची मापं काढली, हे मात्र शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आत्या तर हा किस्सा अशा आवेशात सांगायची, की जणू साहेबाला मागून तिनेच धरून ठेवलं होतं.

आत्याच्याच खटपटीने आमच्या गल्लीला पणजोबांचं नाव मिळणार होतं. अडलं होतं ते फक्त पुराव्यावाचून. तो शोधायला तिने माझ्या बहिणीला जुंपलं, कारण घरात इतिहास शिकलेली ती एकटीच.

रविवारी बहीण आम्हा सगळ्यांना संग्रहालयात घेऊन गेली आणि एका काचेच्या कपाटापुढे थांबली. "हा त्याच साहेबाचा कोट," ती हळूच म्हणाली. सोनेरी बटणांचा, ऐटबाज. कॉलर मुद्दाम उलटवून ठेवली होती आणि तिच्या आत रेशमी धाग्याने पणजोबांचं नाव भरलं होतं. नावाखाली एकच शब्द होता: टेलर.

बाबा उगाचच खाकरले. मी आत्याकडे बघायचं टाळलं. तिने चष्मा पुसला, कोट वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि समाधानाने मान डोलावली.


"मिळाला की पुरावा. हात वर करायला लावल्याशिवाय छातीचं माप काढता येतं होय?"