आठ की बावीस

"आठ!" साहेबांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठोकलं. "आणि तुझा कॉम्प्युटर काय म्हणतो?"

"बावीस, सर."

"सहा मजले चढले, इमारत खचली आठ मिलिमीटर. मग उरलेले चौदा गेले कुठं? मी खिशात घातले?"

साइटवरच्या त्या छोट्या ऑफिसात हशा पिकला. तीही हसली. साहेब मनानं वाईट नव्हते, पण तिचे कान मात्र तापले.

इमारत वाचनालयाची होती आणि खालची माती मऊ, चिकण. पायाचं गणित तिच्याकडे आलं होतं. साहेबांच्या पिढीनं माती म्हणजे पायाखाली ओळीनं लावलेल्या स्प्रिंगा, असं धरून आयुष्य काढलं. जिच्यावर भार, तीच दबणार; शेजारणीला त्याचा पत्ताही नाही. तिच्या मॉडेलमधली माती सलग होती. एका जागी दबली की आजूबाजूच्या मातीलाही सोबत खाली नेणारी. म्हणून तिनं इमारतीच्या तिप्पट रुंदीची माती कॉम्प्युटरमध्ये भरली होती. "अगं, प्लॉट आपला एवढासा. रस्त्यावरची माती कुणाला विचारून घेतलीस?" असं साहेबांनी तेव्हाही चिडवलं होतं.

आज मात्र चिडवण्यावर भागणार नव्हतं. सांडपाण्याचे पाइप आज भिंतीत बसायचे होते. इमारत अजून खचणार, पुस्तकांची कपाटं आली की आणखीच खचणार, तेव्हा पाइपांना लवचीक सांधे हवेत, असं तिचं म्हणणं. नाहीतर पाइप तुटेल तो थेट तळघरात, जुन्या ग्रंथांच्या डोक्यावर. सांध्यांचे खोके येऊन पडले होते. आता साहेबांनी ते परत पाठवायला सांगितलं. "आणि सोमवारपासून तू पुन्हा नकाशांच्या टेबलावर बस," हेही सांगितलं, अगदी मायेनं. मायेनं सांगितलेलं जास्तच लागतं.

ती लॅपटॉप काखेत मारून फाटकापाशी मावशींच्या केबिनकडे गेली. विटांच्या जोत्यावरची ती पत्र्याची केबिन वाचनालयाच्या भिंतीपासून चार पावलांवर होती. प्लॉट मोकळा होता तेव्हापासून मावशी तिथं राखण करायच्या आणि सगळ्यांना चहा पाजायच्या. पायरीवर सर्व्हेअर चहा फुंकत बसले होते. इमारतीवर ठोकलेले खिळे किती खाली गेले, हे ते दर आठवड्याला दुर्बिणीतून एका पक्क्या खुणेशी ताडून पाहायचे. यंत्र लावताना त्यातला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत श्वास रोखून धरायचे, म्हणून सगळे त्यांना बुडबुडेमामा म्हणत. आठचा आकडा त्यांचाच.

"ताई, रागावू नका," ते ओशाळून म्हणाले. "मी तीन-तीनदा मोजलंय."

"तुमच्यावर कसला राग, मामा!"

"तोंड का उतरलंय गं?" मावशींनी आतून विचारलं.

"आकडा चुकला, मावशी."

"माझं दारही चुकलंय. इमारतीचा चौथा मजला चढला तेव्हापासून अडतंय. दोनदा रंधा मारून घेतला. सुतार म्हणतो, लाकूड फुगलं. फुगून बसायला ते काय माझा जावई आहे?"

बोलता बोलता त्यांच्या हातून पातेलं कलंडलं. चहाचा ओघळ जमिनीवरून निघाला तो थेट वाचनालयाच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"बघ! हल्ली सगळं तिकडंच पळतं," मावशी फडकं शोधत म्हणाल्या. "रोज सकाळी मी जमीन अन् पायरी धुते. सात वर्षांत एक दिवस खाडा नाही. पाणी कायम फाटकाकडं जायचं. आता निघालं की वाचनालयाकडं. जसं काही नाव नोंदवायचंय त्याला."

तिनं कप खाली ठेवला. ओघळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग बाकावर लॅपटॉप उघडला. तिच्या मॉडेलमध्ये ही केबिन नव्हतीच. एवढ्या हलक्या वस्तूनं मातीला काय फरक पडणार, म्हणून तिनं ती वगळली होती. पडद्यावर इमारतीभोवती वाटीसारखा खळगा रंगवलेला होता, तो फाटकापर्यंत पसरला होता. तिनं माउसचा बाण केबिन जिथं असायला हवी त्या मोकळ्या जागेवर नेला. तिथल्या मातीचा आकडा उमटला.

चौदा.

"सर!" तिनं दिलेली हाक ऐकून साहेब लगबगीनं बाहेर आले. मागोमाग सांध्यांचा खोका खांद्यावर घेतलेला प्लंबरही आला.

"सर, ही केबिन चौदा मिलिमीटर खाली गेली आहे. इमारतीनं तिला सोबत ओढलंय."

"असेल. पण केबिनचा आपल्या मोजणीशी काय संबंध?"

"तेच विचारायचंय. मामा, तुमची ती पक्की खूण, न हलणारी, कुठं आहे?"

बुडबुडेमामांनी कप तोंडापासून दूर केला. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हळूच डावा पाय उचलला. पायाखाली, धुऊन लख्ख झालेल्या पायरीवर, लाल रंगाची फुली होती.

साहेबांचे ओठ हलले. आठ... आणि खुणेचे चौदा... बेरीज त्यांनी तोंडानं पुरी केली नाही. प्लंबरच्या खांद्यावरचा खोका मात्र स्वतः उतरवून घेतला.

"हे सांधे बसव. मामा, उद्या पलीकडच्या जुन्या पुलाच्या खांबावरून मोजा. आणि तू," ते तिच्याकडे वळले, "सोमवारी माझ्या टेबलाशी बस. मला ती रस्त्यावरची माती शिकव." मग मामांवर डोळे वटारले. "अहो, अख्ख्या साइटवर खूण मारायला हीच जागा सापडली तुम्हाला?"

"सावली इथंच होती, साहेब," मामा कप पोटाशी धरून म्हणाले. "आणि चहाही."