लेन्स जोडलेली नाही

एरवी घरात ‘हं’च्या पुढे न जाणारा नवरा सकाळपासून कॅमेऱ्याशी तावातावाने भांडत होता. वडिलांच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स त्याने अ‍ॅडॅप्टर लावून आपल्या नव्या डिजिटल मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली होती. पण बटण दाबलं की पडद्यावर एकच पालुपद: लेन्स जोडलेली नाही.

त्याने ती काढली, पुसली, पुन्हा फिरवून बसवली. नीट बसल्याचा टक् आवाजही आला. लेन्स जोडलेली नाही.

“डोळे फुटले का तुझे? ढळढळीत समोर आहे की.”

फोटोसाठी खिडकीशी बसून मान अवघडलेल्या बायकोने शेवटी कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला. मेनूच्या पार तळाशी जाऊन तिने एक ओळ शोधली, ‘लेन्स नसतानाही फोटो काढा’, आणि ती चालू केली. खटकन फोटो निघाला.

“पण लेन्स आहे ना,” तो वैतागून म्हणाला. “नाही कशी म्हणतो हा?”

“आहे हो. पण जुनी आहे, तिच्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. कॅमेऱ्याशी ती एक अक्षर बोलत नाही, मग त्याला कसं कळणार ती आहे म्हणून?” तिने कॅमेरा परत त्याच्या हातात दिला. “नाहीच असं धरून चाललं की सगळं सुरळीत होतं. इतकी वर्षं मी तेच करतेय.”

“हं,” तो म्हणाला.