झाकणाचं पिंप

कमळकाकीच्या अंगणात हळदीचा मांडव घालून झाला होता आणि त्याच्या कडेला आमच्या प्रकल्पाचं निळं पिंप पाण्यासाठी ठेवलेलं दिसलं. मी जागीच थांबले. अकरावीच्या पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी माझ्या वर्गातल्या ऋतिकाने आणि मी दापोड्याच्या एका गोदामातून केमिकलची बारा रिकामी पिंपं मागून आणली होती. आमच्या वळ गावात घरोघरी त्यात पुठ्ठा, कागद, प्लास्टिक साठवायचं आणि महिन्यातून एकदा ते पुनर्वापरासाठी पाठवायचं, असं ठरलं होतं. पिंपावरचं कवटीचं चित्र वाईट दिसत होतं म्हणून मीच ते चमच्याने खरवडून काढलं आणि त्या जागी पिवळ्या रंगात लिहिलं, "सुका कचरा". आमच्याही घरी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तरी झाकणाचं पिंप कुणी कचऱ्याला ठेवणार नाही, हे मला सुचलं नव्हतं. "ये बाय निशा, उन्हाची आलीस," म्हणत काकीने पिंपात पार तळापर्यंत वाकून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. "काकी, हे पिऊ नको. यात विषारी केमिकल होतं." "मंग तसं त्याच्यावर लिवलं का न्हाय?" तिने शांतपणे विचारलं. मी दोन्ही हातांनी पिंप आडवं पाडलं. पाणी थोडंच निघालं. काकी त्या ओल्या मातीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "कालपासून आमी सगली हेच पितो, बाय."